एनएफएसवर एकाच फाइलमध्ये अनेक मशीनवरून अपेंड: ओळी का हरवतात आणि त्यावर काय करायचं

गेल्या महिन्यात एक पीएचडीची विद्यार्थिनी लॅपटॉप उघडाच हातात धरून आली. "सर, ग्रेप म्हणतोय 'बायनरी फाइल मॅचेस'. पण ही तर साधी टेक्स्ट फाइल आहे." तिने चाळीस जॉब क्लस्टरच्या चाळीस नोडवर, म्हणजे चाळीस मशीनवर, सोडले होते. प्रत्येक जॉबच्या हजार फेऱ्या, दर फेरीची एक ओळ, आणि सगळ्यांनी आपापल्या ओळी होम डिरेक्टरीतल्या एकाच निकालाच्या फाइलला जोडायच्या. होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे एका सर्व्हरवरची डिस्क नेटवर्कवरून सगळ्या मशीनना दाखवणाऱ्या फाइलसिस्टिमवर. चाळीस हजार ओळी यायला हव्या होत्या. मोजल्या तर आकडा बराच अलीकडे थांबत होता. काही ओळी मधूनच तुटलेल्या होत्या, आणि फाइल लेसमध्ये उघडली की एका जागी ^@^@^@^@ अशी पानंच्या पानं.

हे दुखणं मला नवीन नाही. माणसं बदलतात, भाषा बदलतात (पर्ल होती, पायथन आली, आता ज्युलियावाले येतात), तक्रार तीच. दर वेळी फळ्यावर तेच चौकोन काढून कंटाळलो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी खात्री करा की हाच आजार आहे

दोन मशीन घ्या, दोन्हीवर तीच शेअर्ड डिरेक्टरी माउंट केलेली. दोन्हीकडे एक छोटा लूप चालवा: मशीनचं नाव आणि १ ते ५००० मधला आकडा, प्रत्येक ओळ >> (अपेंड, म्हणजे शेवटी जोड) करून एकाच फाइलमध्ये. दोन्ही लूप शक्यतो एकाच क्षणी सुरू करा. संपल्यावर ओळी मोजा. दहा हजार भरत नसतील, आणि पुन्हा चालवल्यावर तूट वेगळीच येत असेल, तर पुढे वाचा.

आता तेच दोन्ही लूप एकाच मशीनवर, दोन टर्मिनलमध्ये चालवा. दहा हजार बरोबर येतील. हा फरक दिसला की निदान जवळजवळ झालंच. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य या दुखण्यात अगदी खरं असतं, आणि म्हणूनच लोक आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

एकाच मशीनवरही ओळी तुटत असतील तर कारण वेगळं आहे. त्याबद्दल खाली, बफरच्या भागात.

एनएफएसला 'शेवटी लिही' हे सांगताच येत नाही

फाइल अपेंड मोडमध्ये उघडली की आपण कर्नलला सांगतो: दर वेळी लिहिताना आधी शेवटाला जा, मग लिही. एक्स्ट४ किंवा एक्सएफएस असलेल्या लोकल डिस्कवर या दोन पायऱ्यांच्या मध्ये कोणी घुसू शकत नाही, कारण कर्नल तेवढ्यापुरतं त्या फाइलचं आयनोड (फाइलची लांबी वगैरे माहिती ठेवणारी नोंद) कुलूपबंद करतो. फाइलचा शेवट कुठे आहे हे त्या एकाच कर्नलला ठाऊक असतं आणि लिहिणारे सगळे त्याच्याच दारात रांगेत उभे असतात.

एनएफएसमध्ये दार एकच नाही. सर्व्हरकडे जाणाऱ्या लिहिण्याच्या विनंतीत असतं ते एवढंच: कोणती फाइल, कितव्या बाइटपासून, किती बाइट, आणि डेटा. १९९५ सालच्या आवृत्ती ३ मध्ये हे असंच आहे, आणि आवृत्ती ४ मध्येही कितव्या बाइटपासून लिहायचं ते क्लायंटलाच (डिरेक्टरी माउंट करणाऱ्या मशीनला) सांगावं लागतं. "जिथे शेवट असेल तिथे लिही" असा निरोप पाठवायची सोयच प्रोटोकॉलमध्ये नाही. मग क्लायंटचा कर्नल ते सोंग आणतो: फाइलची लांबी बघतो आणि त्या बाइटपासून लिहितो. लिनक्समध्ये ओपन या सिस्टिम कॉलचं मॅन पेज उघडलंत तर तिथेच हा इशारा छापलेला आहे, की एनएफएसवर एकाहून जास्त प्रोसेस एकाच वेळी अपेंड करू लागल्या तर फाइल बिघडू शकते. ते पान पूर्ण वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

सोसायटीला दोन गेट आहेत आणि पाहुण्यांची वही ऑफिसात आहे, असं समजा. दोन्ही वॉचमन फोन करून विचारतात, "शेवटची ओळ कितवी?" ऑफिस दोघांनाही खरं तेच सांगतं: चौदावी. दोघेही कळवतात, "मग पंधराव्या ओळीवर लिहा." खोटं कोणी बोललेलं नाही, पण एक पाहुणा वहीतून गेला.

बाइटच्या हिशेबात हेच पाहू. फाइल १००० बाइटची आहे. पहिल्या नोडला ६० बाइटची ओळ लिहायची आहे, दुसऱ्याला ४० ची. दोघांच्या मते शेवट १००० वर. पहिल्याने १००० ते १०५९ भरले. लगेच दुसऱ्याने १००० ते १०३९ भरले. आता फाइलमध्ये दुसऱ्याची ओळ अख्खी आहे आणि तिच्याखाली पहिल्याच्या ओळीचं २० बाइटचं शेपूट लोंबतंय. त्या विद्यार्थिनीच्या फाइलमधल्या 'अर्ध्या' ओळींपैकी बऱ्याच अशा होत्या: सुरुवात गायब, शेवट शाबूत. लांब्या उलट असत्या, म्हणजे आधी ४० आणि नंतर ६०, तर शेपूटही उरलं नसतं. पहिली ओळ कधी होती याची खूणही नाही.

वर आणखी एक गोष्ट. लांबी दर वेळी सर्व्हरला विचारली जात नाही. क्लायंट ती कॅश करतो, म्हणजे आपल्याजवळ लक्षात ठेवतो, आणि लिनक्समध्ये फाइलच्या बाबतीत ही कॅश डिफॉल्टने ३ ते ६० सेकंद चालते. शिवाय लिहिलेला डेटाही लगेच सर्व्हरवर जात नाही, तो क्लायंटच्या मेमरीत थांबतो आणि फाइल बंद करताना किंवा एफसिंक ('आत्ताच पोचव' हा कॉल) केल्यावर हमखास पोचतो. म्हणजे आपल्या प्रोग्रामला "लिहिलं" असं उत्तर मिळतं तेव्हा ती ओळ अजून नोडच्या बाहेरही पडलेली नसू शकते.

मग ते ^@ कुठून आले?

^@ म्हणजे शून्य बाइट. कोणीच काही लिहिलं नाही अशी जागा वाचताना फाइलसिस्टिम शून्यं दाखवते. अशी शून्यं दोन प्रकारची असतात.

पहिली तात्पुरती. एका क्लायंटच्या दोन विनंत्या सर्व्हरवर उलट्या क्रमाने पोचल्या तर मधली जागा काही क्षण रिकामी असते, आणि तेव्हा दुसऱ्या मशीनवर कोणी टेल लावून बसलं असेल तर त्याला शून्यं दिसतात. थोड्या वेळाने तीच फाइल पुन्हा उघडली की सगळं जागेवर.

दुसरी कायमची, आणि तिच्या फाइलमध्ये हीच होती. मी विचारलं, "जॉब चालू असताना फाइलला हात लावलास का?" आधी नाही म्हणाली. मग आठवलं: सुरुवातीला चाचणीच्या ओळी आल्या होत्या, त्या नकोत म्हणून लॉगिन नोडवरून > करून तिने फाइल रिकामी केली होती. पण कामाच्या नोडवर फाइल उघडीच होती आणि काही नोडच्या डोक्यात जुनी लांबी बसलेली होती. त्यांनी त्या जुन्या जागेपासूनच पुढे लिहिलं. शून्यापासून तिथपर्यंत सगळी पोकळी.

हे ओळखायची सोपी खूण: एलएस जी लांबी दाखवतो ती मोठी आणि डीयू जी जागा दाखवतो ती बरीच कमी. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये 'कॉपी करून मूळ फाइल रिकामी कर' हा पर्याय असतो, तोही शेअर्ड डिरेक्टरीवर नेमका हाच घोळ घालतो.

बफर: एकाच मशीनवरही ओळी तुटतात तेव्हा

स्क्रीनवर लिहिताना सी लायब्ररी ओळीओळीने सोडते. फाइलमध्ये लिहिताना मात्र ती बफर भरेपर्यंत थांबते आणि भरला की ओळ मधे तुटते का याची पर्वा न करता ओतून देते. पायथनचं फाइलवर लिहिणंही असंच बफरमधून जातं. बफर किती मोठा हे बऱ्याचदा फाइलसिस्टिम सांगते त्या ब्लॉकच्या आकारावर ठरतं, आणि एनएफएसवर तो आकार लोकल डिस्कपेक्षा खूप मोठा असू शकतो. फाइलवर स्टॅट चालवून 'आयओ ब्लॉक'समोरचा आकडा बघा. आमच्या माउंटवर तो १०४८५७६ आहे, म्हणजे एक मेगाबाइट. लोकलवर ४०९६.

त्यामुळे तुमच्या मते तुम्ही ऐंशी बाइटची ओळ लिहिताय, आणि खरं तर प्रोग्राम शेकडो-हजारो ओळींचा गठ्ठा साठवून एकदम टाकतोय. टक्कर झाली की एक ओळ जात नाही, गठ्ठ्यातलं बरंच काही जातं. खात्री करायची तर प्रोग्राम एस-ट्रेस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाखाली चालवा आणि राइट कॉल किती बाइटचे जातायत ते बघा. दर ओळीनंतर फ्लश करा, किंवा अख्खी ओळ नव्या ओळीच्या चिन्हासकट एकाच राइट कॉलने लिहा. एकाच मशीनपुरता प्रश्न असेल तर एवढ्यावर मिटतो. अनेक मशीन असतील तर नुकसान कमी होतं, थांबत नाही.

"चार हजार शहाण्णव बाइटपर्यंतचं लिहिणं अखंड असतं" असं कोणीतरी नक्की सांगेल. तो नियम पाइपचा आहे. फाइलशी त्याचा संबंध नाही.

नो-एसी लावून बघू का?

नो-एसी या माउंटच्या पर्यायाचा सल्ला सगळीकडे मिळतो. नो-एसी लावलं की क्लायंट लांबी कॅश करत नाही आणि लिहिणंही लगेच सर्व्हरवर पाठवतो. ओळी हरवण्याचं प्रमाण घटतं, लोक खूश होतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा येतात. कारण लांबी विचारणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या फेऱ्याच राहतात, आणि मधली फट लहान झाली तरी बुजत नाही. बदल्यात अख्ख्या माउंटचा वेग पडतो. होम डिरेक्टरीवर मी ते लावत नाही.

कुलूप लावायचं तर नीट लावा

कुलपाने हा प्रश्न खरोखर सुटतो. लिनक्सचा एनएफएस क्लायंट एखाद्या फाइलवर कुलूप मिळालं की तिची जुनी माहिती टाकून देतो, आणि कुलूप काढण्याआधी साठलेला डेटा सर्व्हरवर पोचवतो. म्हणजे कुलूप, लिहिणं, कुलूप काढणं या क्रमात लांबी ताजी असते. पण यात चार खड्डे आहेत. मी स्वतः चारहीत पडलोय.

एक: माउंट करताना कोणी नो-लॉक किंवा लोकल-लॉकचा पर्याय दिला असेल तर कुलूप त्याच मशीनपुरतं लागतं. दुसऱ्या नोडला त्याचा पत्ताच नसतो, आणि एररही येत नाही. प्रॉकमधली माउंट्सची यादी बघा, लोकल-लॉकपुढे 'नन' असायला हवं. आवृत्ती ३ वर कुलुपांसाठी लॉकडी आणि स्टॅटडी या वेगळ्या सेवा लागतात. त्या फायरवॉलमागे अडकल्या तर कुलूप मागणारा प्रोग्राम नुसता लटकतो. आवृत्ती ४ मध्ये कुलुपं प्रोटोकॉलमध्येच आली आणि सगळं २०४९ या एका पोर्टवर चालतं. अजून ३ वर असाल तर आधी ते बदला.

दोन: एफलॉक, म्हणजे अख्ख्या फाइलवर कुलूप लावायचा कॉल. लिनक्स २.६.१२ पासून एनएफएसवरचा एफलॉक आतून एफसीएनटीएल या दुसऱ्या कॉलच्या कुलपात बदलला जातो, म्हणून तो नोडपलीकडेही चालतो. पण त्यामुळेच, एकट्याचं कुलूप हवं असेल तर फाइल लिहिण्यासाठी उघडलेली असावी लागते. नुसती वाचायला उघडलीत तर 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर' येतो आणि माणूस चक्रावतो.

तीन: बफर. पायथनमध्ये कुलूप घेतलं, लिहिलं, कुलूप सोडलं, आणि फ्लश केलंच नाही. डेटा बफरमध्येच होता, तो कुलूप सुटल्यानंतर कधीतरी बाहेर पडला. सोडण्याआधी फ्लश हवंच.

चार, आणि हा सगळ्यात लबाड. शेलमध्ये लोक असं लिहितात:

एफलॉक निकाल.लॉक ./काम >> निकाल.टेक्स्ट

दिसायला बरोबर. पण >> हे शेल आधी करतं आणि एफलॉक नंतर सुरू होतो. म्हणजे निकालाची फाइल कुलूप मिळण्याच्या आधी उघडली गेली. कुलूप लागलं ते दुसऱ्याच फाइलवर, त्यामुळे निकालाच्या फाइलची लांबी ताजी व्हायचं कारणच नाही. रांगेत दहा मिनिटं थांबून नंबर लागला तरी हातात जुनाच आकडा असू शकतो. एनएफएस हमी देतं ती एवढीच: एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली, तर दुसऱ्याला ताजं दिसेल. म्हणून उघडणं आणि बंद करणं, दोन्ही कुलपाच्या आत हवं:

एफलॉक निकाल.लॉक शेल -सी './काम >> निकाल.टेक्स्ट'

आणि ./काम तासभर चालणारं असेल तर तासभर बाकी सगळे ताटकळतील. आधी निकाल नोडच्या टीएमपीत काढा आणि कुलपात फक्त जोडायचं काम ठेवा.

मी प्रत्यक्षात काय करायला सांगतो

कुलूपबिलूप काही नको. प्रत्येक जॉबची फाइल वेगळी. नावात जॉबचा क्रमांक आणि ॲरेमधला टास्क क्रमांक, नोडना जॉब वाटणारा स्लर्म तो एन्व्हायर्नमेंटमध्ये देतोच. सगळं संपल्यावर, पहिले जॉब संपल्यावरच चालणारा एक छोटा जॉब लावून, कॅटने एकत्र करा. वेळेच्या क्रमाने हवं असेल तर सॉर्टचा मर्ज पर्याय आहे, कारण सुट्या फाइली आधीच क्रमात असतात.

मेलवाल्यांनी हा धडा नव्वदच्या दशकातच घेतला. पूर्वी सगळी मेल एमबॉक्स नावाच्या एकाच लांबलचक फाइलला जोडली जायची आणि एनएफएसवर तिचे हेच हाल व्हायचे. क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाईन यांनी मेलडिर काढलं: दर पत्राची वेगळी फाइल, आधी टीएमपी फोल्डरमध्ये लिहायची, पूर्ण झाली की न्यू फोल्डरमध्ये सरकवायची. कुलूप कुठेच नाही.

सतत येणारे लॉग असतील तर ते सिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या सेवेने एका मशीनकडे पाठवा आणि लिहू दे त्या एकालाच. "मग एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला डेटाबेस) वापरतो" असंही कोणी म्हणतं. शेअर्ड डिरेक्टरीवर नको. त्याची सुरक्षितताही याच कुलपांवर उभी आहे, आणि त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिणारा) तर सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर असतील तरच चालतो.

ओळी गेल्या, पण टक्कर झालीच नव्हती

एकच नोड लिहीत होता तरी शेवटच्या ओळी नाहीत? कोटा बघा. लोकल डिस्कवर जागा संपली की राइट तिथेच अपयशी होतो. एनएफएसवर डेटा आधी मेमरीत जातो, म्हणून राइट यशस्वी दिसतो आणि 'कोटा संपला' ही एरर फाइल बंद करताना येते. क्लोजचं उत्तर कोण तपासतं? स्क्रिप्ट हसतमुखाने संपते.

माउंट 'सॉफ्ट' असेल तर सर्व्हर थोडा वेळ गप्प राहिला की क्लायंट हात टेकतो आणि तो डेटा जातो. लिहिण्याच्या माउंटवर 'हार्ड'च हवं. आणि जॉब मधेच पुन्हा सुरू झाला असेल तर स्लर्म आउटपुटची फाइल पुसून नव्याने लिहितो, तुम्ही अपेंड मोड मागितला नसेल तर.

तुमच्याकडे एनएफएस नसेल तर

लस्टर या क्लस्टरसाठीच्या फाइलसिस्टिममध्ये अपेंड बरोबर होतं, कारण तिथे लिहिणाऱ्याला अख्ख्या फाइलचं कुलूप मिळतं. पण शेकडो नोड एकाच फाइलवर तुटून पडले तर सगळे एका रांगेत, आणि तक्रार 'ओळी गेल्या'ऐवजी 'जॉब मंदावला' अशी येते. हडूपच्या एचडीएफएस या फाइलसिस्टिमने प्रश्न मुळातच कापला: एका फाइलचा लिहिणारा एका वेळी एकच. दुसऱ्याने अपेंड मागितलं तर फाइल आधीच कोणीतरी लिहितंय अशी एरर येते. लिहिणारा प्रोग्राम मेला असेल तरीही त्याचा हक्क, ज्याला लीज म्हणतात, लगेच सुटत नाही. ६० सेकंदांची मऊ मुदत संपल्यावर दुसरा तो मागू शकतो. घाई असेल तर एचडीएफएसच्या डीबग कमांडमध्ये रिकव्हर-लीज आहे. गूगलच्या जीएफएस या फाइलसिस्टिममध्ये, जिचं वर्णन २००३ साली प्रसिद्ध झालं, खास 'रेकॉर्ड अपेंड' होतं. तिथे जागा सर्व्हर ठरवायचा, पण तीच नोंद दोनदा येऊ शकायची आणि ती गाळणं वाचणाऱ्याचं काम होतं.

तिच्या फाइलचं काय केलं

शून्य बाइट टीआरने काढले की फाइल वाचता येते, हरवलेलं मात्र परत येत नाही. नशिबाने प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जॉबचा आणि फेरीचा क्रमांक होता. ज्या ओळींत ठरलेले सातही रकाने नव्हते त्या ऑकने बाजूला काढल्या. उरलेल्यांचे क्रमांक सॉर्ट केले, चाळीस हजारांची पूर्ण यादी बनवली, आणि कॉमने दोन्ही ताडून कोणत्या फेऱ्या नाहीत ते काढलं. तेवढ्याच फेऱ्या पुन्हा चालवल्या, या वेळी प्रत्येक जॉबची फाइल वेगळी. तिने आता ओळीच्या शेवटी एक ठरलेलं चिन्हही टाकायला सुरुवात केली आहे, म्हणजे तुटलेली ओळ ग्रेपनेच सापडते. ऑककडे जावं लागत नाही.